सर्व्हर-साइड वेब प्रोग्रॅमिंगमधील कौशल्यांचे मूल्यमापन : एक चिकित्सा

प्रस्तावना

केंद्र शासनाने २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित केला आणि २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बी.व्होक. पदवीची योजना आणली. या आराखड्याने प्रत्येक स्तरासाठी कार्यप्रक्रिया, व्यावसायिक ज्ञान, व्यावसायिक कौशल्य, गाभा कौशल्य आणि उत्तरदायित्व असे पाच निकष घालून दिले. पीएचपी व मायएसक्यूएल यांवर आधारित प्रात्यक्षिक परीक्षेत यांपैकी नेमके कशाचे मापन होते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रचलित पद्धती

या परीक्षेचे रूढ स्वरूप सर्वपरिचित आहे. विद्यार्थी चिठ्ठी उचलतो, नोंदणीचा फॉर्म तयार करतो, माहिती तक्त्यात साठवतो व ती पडद्यावर दाखवतो. बहिःस्थ परीक्षक आउटपुट पाहतात, दोन-चार तोंडी प्रश्न विचारतात, नोंदवही तपासतात आणि गुण देतात.

या पद्धतीतील मूळ उणीव विषयाच्या स्वरूपातच दडलेली आहे. सर्व्हरवर चालणारा कोड ब्राउझरपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचते ती केवळ त्यातून निर्माण झालेली एचटीएमएल. त्यामुळे पडद्यावर तंतोतंत सारखे दिसणारे दोन प्रोग्रॅम गुणवत्तेच्या दृष्टीने दोन टोकांचे असू शकतात. एकात पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला असतो, तर दुसऱ्यात पीएचपी ५.५ (२०१३) पासून उपलब्ध असलेल्या 'पासवर्ड हॅश' फंक्शनचा वापर असतो. आउटपुटवर गुण देणाऱ्या परीक्षेत दोघांनाही समान गुण मिळतात. शिवाय ही परीक्षा बहुधा झॅम्पच्या मूळ मांडणीवर होते. त्यात मायएसक्यूएलच्या 'रूट' वापरकर्त्याला पासवर्डच नसतो. साहजिकच, कोणाला किती अधिकार द्यावेत हा प्रश्न विद्यार्थ्यासमोर उभाच राहत नाही. अशा परीक्षेत विश्वसनीयता असेलही. सप्रमाणता मात्र राहत नाही.

पर्यायी कसोट्या

यावर उपाय म्हणून परीक्षकाला सहज घेता येतील अशा काही कसोट्या सुचवता येतात. रोमन लिपीत अपॉस्ट्रॉफीसह लिहिले जाणारे 'डिसोझा' हे आडनाव वसई व गोव्यात नित्याचे आहे. ते त्याच स्वरूपात फॉर्ममध्ये भरून पाहावे. वापरकर्त्याने दिलेला मजकूर एसक्यूएल आज्ञेला थेट जोडलेला असेल, तर ती आज्ञा मध्येच तुटते. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरले असेल, तर नाव निर्वेधपणे साठवले जाते. जी फट या निरुपद्रवी नावाने उघड होते, तिच्यातूनच एसक्यूएल इंजेक्शनचा हल्ला होतो. दुसरी कसोटी म्हणजे पत्त्यातील विद्यार्थी क्रमांक बदलून दुसऱ्याचे गुण दिसतात का, हे पाहणे. प्रवेश-नियंत्रणातील असा दोष ओवास्पच्या २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. तिसरी, लॉगआउटनंतर आतील पानाचा पत्ता थेट उघडून पाहणे. या तिन्ही कसोट्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत.

आक्षेपांचा विचार

पदविका स्तरावरील विद्यार्थ्याकडून सुरक्षातज्ज्ञाची अपेक्षा करणे अवाजवी आहे, असा आक्षेप येऊ शकतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. तथापि, वीजतंत्रीच्या परीक्षेत दिवा लागला एवढ्यावर भागत नाही, अर्थिंगही तपासले जाते. वरील कसोट्यांचे स्थानही तसेच प्राथमिक आहे. दुसरा आक्षेप वेळेचा व वस्तुनिष्ठतेचा. एका तुकडीला तीन तासांत न्याय द्यायचा, तर संपूर्ण प्रोग्रॅम लिहून घेण्याऐवजी सदोष प्रोग्रॅम हाती देऊन तो दुरुस्त करावयास सांगणे अधिक उचित ठरेल. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तयार कोड क्षणार्धात पुरवत असताना दोष ओळखण्याच्या क्षमतेचे मोल वाढलेच आहे. वर्ल्डस्किल्स स्पर्धेतील 'वेब टेक्नॉलॉजीज' या विभागात थेट मोजता येणाऱ्या बाबी आणि तज्ज्ञांनी ० ते ३ या श्रेणीत द्यावयाचा निर्णय, अशी गुणांची विभागणी असते. तीच रीत लहान प्रमाणावर अंगीकारता येईल.

समारोप

या परीक्षेत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी उद्या एखाद्या पतसंस्थेचे, रुग्णालयाचे किंवा महाविद्यालयाचेच संकेतस्थळ तयार करतो. तेथे खऱ्या माणसांची माहिती असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आराखड्यातील 'उत्तरदायित्व' हा निकष कागदावरून प्रयोगशाळेत आणावयाचा असेल, तर प्रोग्रॅम चालतो का, या प्रश्नाबरोबरच तो चुकीच्या वा दुष्ट हेतूच्या वापरातही टिकतो का, हा प्रश्न गुणपत्रिकेत आला पाहिजे. तोवर प्रमाणपत्रावर नमूद केलेला स्तर आणि विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष कौशल्य यांतील अंतर कायम राहील, आणि त्याची किंमत प्रथम त्या विद्यार्थ्यालाच मोजावी लागेल.