पुराकथांतील संघर्ष आणि शालेय पुनर्कथन : एकलव्याच्या कथेचा एक विचार

पुराकथा शिकविताना विद्यार्थ्यांस 'संघर्ष' ही संकल्पना समजावून द्यावी, अशी अपेक्षा आता इयत्ता सहावी ते आठवीच्या अध्यापनात सर्वत्र दिसते. त्यासाठी वापरले जाणारे वर्गीकरण परिचित आहे : मनुष्य विरुद्ध मनुष्य, मनुष्य विरुद्ध निसर्ग, मनुष्य विरुद्ध समाज, मनुष्य विरुद्ध स्वतः. इंग्रजी साहित्याच्या शालेय अध्यापनातून आलेले हे वर्गीकरण सुटसुटीत आहे, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलास कथेकडे पाहण्याचे एक साधन म्हणून त्याचा उपयोगही होतो. परंतु महाभारतासारख्या ग्रंथातील कथांना ते लावू गेल्यास एक अडचण उभी राहते. संघर्ष कोणत्या प्रकारचा, हे विद्यार्थ्याने ठरविण्यापूर्वीच पुनर्कथनाच्या भाषेने ते ठरवून टाकलेले असते. प्रस्तुत लेखात एकलव्याच्या कथेच्या आधारे हा मुद्दा तपासावयाचा आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्याने विवेचन मुख्यतः वाक्यरचनेच्या अंगाने केले आहे.

१

प्रथम मूळ कथा पाहू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व वि. सी. सुकथनकर यांच्या संपादनाखाली १९३३ साली पूर्ण झाले. त्यात ही कथा द्रोणांच्या शिष्यांच्या अध्ययनप्रसंगात येते. एकलव्य हा निषादांचा राजा हिरण्यधनू याचा पुत्र. तो निषाद असल्याचा विचार करून, आणि इतर शिष्यांकडे लक्ष देऊन, द्रोण त्यास धनुर्विद्येसाठी स्वीकारीत नाहीत. वनात द्रोणांची मातीची प्रतिमा करून तो अभ्यास करतो. पांडवांचा कुत्रा भुंकू लागताच तो त्याच्या मुखात सात बाण मारतो. ते कौशल्य पाहून अर्जुन द्रोणांना एकांतात त्यांच्याच वचनाची आठवण देतो : माझ्यापेक्षा श्रेष्ठ असा तुमचा शिष्य होणार नाही, असे आपण म्हणाला होता. द्रोण क्षणभर विचार करतात, अर्जुनाला बरोबर घेऊन वनात जातात आणि गुरुदक्षिणा म्हणून उजवा अंगठा मागतात. एकलव्य प्रसन्न मुखाने, विचार न करता, तो कापून देतो. पुढे तो उरलेल्या बोटांनी बाण सोडतो, पण पूर्वीची चपळता राहत नाही. अर्जुनाच्या मनाचा ताप उतरतो.

या कथेत पक्ष दोन नसून तीन आहेत. द्रोण एका शिष्याला दिलेल्या वचनाने बांधलेले आहेत. एकलव्य, ज्याने त्याला कधी शिकविले नाही अशा गुरूला मानलेल्या ऋणाने बांधलेला आहे. अर्जुनाला मात्र वचनाची पूर्ती हवी आहे, आणि तिची किंमत दुसऱ्याने द्यावयाची आहे. यांत जन्माच्या भेदाचा प्रश्न आरंभीच घातला गेला आहे. 'मनुष्य विरुद्ध मनुष्य' या शीर्षकाखाली हे सारे बसविता येईल, पण तसे केल्याने त्यातले काहीच कळणार नाही.

२

शालेय पुनर्कथनांचे स्थूलमानाने दोन प्रकार आढळतात. पहिल्यात कथा गुरुभक्तीची होते. तेथील मध्यवर्ती वाक्य 'एकलव्याने अंगठा अर्पण केला' हे असते. दुसऱ्यात, आणि हा प्रकार अलीकडे अधिक बळावला आहे, कथा अन्यायाची होते. तेथील मध्यवर्ती वाक्य 'द्रोणांनी अंगठा मागून घेतला' हे असते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. मराठीत 'दिला', 'मागितला', 'घेतला' आणि 'गेला' या चार क्रियापदांनी एकच घटना सांगता येते, आणि प्रत्येक वेळी जबाबदारीचे स्थान बदलते. 'अंगठा गेला' म्हटले की कोणीच जबाबदार राहत नाही. तुटणे, तोडणे, तोडविणे ही धातूंची मालिका मराठी भाषकाला या बाबतीत विलक्षण सूक्ष्मता देते. मूल ती बोलताना रोज वापरीत असते. 'कप फुटला' आणि 'कप फोडला' यांतील अंतर त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ही दोन्ही वाक्ये खुद्द महाभारतातच आहेत. आदिपर्वात अंगठा कापण्याच्या क्रियेचा कर्ता एकलव्य आहे. परंतु द्रोणपर्वात, घटोत्कचाच्या वधानंतर, श्रीकृष्ण अर्जुनाला तीच घटना निराळ्या रचनेत ऐकवितो : तुझ्या हितासाठी द्रोणांनी आचार्यपणाचे मिष करून त्या निषादपुत्राला अंगठ्यापासून वियुक्त केले. तेथे रचना कर्मणी आहे. एकलव्य कर्म झाला आहे, द्रोण कर्ता झाले आहेत आणि अर्जुन हा हेतू झाला आहे. आदिपर्वाने ज्याला दक्षिणा म्हटले त्याला द्रोणपर्व कपट म्हणते. दोन्हींपैकी एकही वाक्य ग्रंथाने मागे घेतलेले नाही.

यावरून दोन्ही शालेय पुनर्कथनांचा दोष एकच ठरतो. एकाने पहिले वाक्य उचलले, दुसऱ्याने दुसरे, आणि अर्जुन बहुधा दोहोंतून निसटला. भक्तीच्या कथेत त्याची असूया अडचणीची होते. अन्यायाच्या कथेत द्रोण पुरेसे खल असल्याने त्याची गरज उरत नाही. वस्तुतः ज्याच्या लाभासाठी अन्याय होतो आणि जो स्वतः हात उचलीत नाही, अशा माणसाची ओळख वर्गातील मुलांना कथेतून व्हावयाची असेल, तर अर्जुनाला वगळून ती होणार नाही.

३

कर्त्याहून सूक्ष्म असे दुसरे स्थान आदरार्थी रूपांचे आहे. संस्कृतातील संवादाच्या प्रस्तावनेत कोणीही बोलो, क्रियापद सामान्यतः एकवचनीच येते. आदर दिसतो तो संबोधनात. एकलव्य द्रोणांना पूज्यतेच्या शब्दाने हाक मारतोच. मराठी निवेदकाला मात्र 'म्हणाला' आणि 'म्हणाले' यांत निवड करावीच लागते. 'द्रोणाचार्य म्हणाले' आणि 'एकलव्य म्हणाला' असे लिहिताच निवेदकाने स्वतःच्या मुखाने एक श्रेणी मान्य केली. ती पात्रांमधील राहिली नाही, निवेदकाची झाली, आणि पर्यायाने वाचकाचीही. वयाचा भेद सांगून याचे समर्थन करता येईल आणि ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. पण मग हिरण्यधनू 'राजा होता' की 'राजे होते'? धृतराष्ट्राला जे रूप मिळते ते निषादराजाला मिळते काय? पुनर्कथने या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत.

नामनिर्देशाचेही तसेच. लोकप्रिय कथनांत एकलव्य बहुधा 'भिल्ल मुलगा' असतो. मूळ कथा त्याला राजपुत्र म्हणते. राजपुत्राला राजपुत्रांच्या पंक्तीत बसू न देणे आणि एका अनाम वनवासी मुलाला परत पाठविणे, हे दोन निरनिराळे संघर्ष आहेत. तिसरे स्थान उभयान्वयी अव्ययांचे. 'तो निषाद होता म्हणून' हा शब्दसमूह मूळ कथेच्या अर्थाला धरून आहे. 'द्रोण राजपुत्रांचेच गुरू होते म्हणून' हे कारण सौजन्यापोटी पुढे केले जाते, आणि त्यामुळे एकलव्य स्वतः राजपुत्र असल्याची गोष्ट दडपावी लागते. एका 'म्हणून'ची सोय करण्यासाठी एका पित्याचे नाव गाळले जाते.

४

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, इतकी चिकित्सा पदव्युत्तर वर्गाला शोभेल, सातवीच्या मुलाला तिचे काय? मुलाला प्रथम कथेची गोडी लागली पाहिजे. आक्षेपाचा दुसरा भाग निःसंशय योग्य आहे. कथा आधी संपूर्ण आणि रसाळपणे सांगितली पाहिजे. पहिला भाग मात्र मान्य करता येत नाही. कृतीच्या परिणामाकडून कर्त्याच्या हेतूकडे मुलाचा नैतिक विचार वळत जातो, हे जाँ पियाजे यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले, आणि माध्यमिक वर्गाच्या उंबरठ्यावरील मूल हेतूंविषयी हिरिरीने वाद घालते, हा कोणत्याही शिक्षकाचा अनुभव आहे. शिवाय कर्ता, कर्म आणि प्रयोग शालेय व्याकरणात शिकविले जातातच. ते 'राम आंबा खातो' या वाक्यावर शिकवावयाचे, की जेथे कर्ता बदलल्याने न्याय बदलतो अशा वाक्यावर, एवढाच प्रश्न आहे.

वर्गात करावयाचे ते साधे आहे. आदिपर्वातील आणि द्रोणपर्वातील निवेदन सुबोध मराठीत शेजारी शेजारी ठेवावे. अंगठ्याविषयीच्या वाक्यांतील कर्ता शोधण्यास सांगावे. नंतर तीच घटना अर्जुनाला कर्ता करून एका वाक्यात लिहिण्यास सांगावे. 'अर्जुनाने' या शब्दाने आरंभ होणारे असे वाक्य लिहिताना विद्यार्थी अडखळतील, आणि त्या अडखळण्यातच या कथेतील संघर्ष त्यांच्या हाती लागेल. त्यानंतर तो कोणत्या प्रकारात मोडतो हे विचारावयास हरकत नाही.

हीच पद्धत अन्यत्रही चालते. सभापर्वात द्रौपदी विचारते की, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? मराठीत 'हरणे' हे क्रियापद अकर्मकही आहे आणि सकर्मकही. 'तो हरला' आणि 'तो तिला हरला' यांतील क्रमाचाच हा प्रश्न आहे. भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेकडे बोट दाखवितात, विकर्ण तिच्या बाजूने बोलतो, कर्ण त्याचे खंडन करतो, आणि धृतराष्ट्राचे वर मिळाल्यावर सभा सुटते. प्रश्नाला उत्तर मिळत नाही. शालेय पुनर्कथनांत बहुधा वस्त्रहरण राहते आणि प्रश्न गळतो. म्हणजे संकट राहते, संघर्ष जातो.

५

शेवटी या चर्चेत काय पणास लागले आहे ते स्पष्ट केले पाहिजे. ज्या वर्गात एकलव्याची कथा सांगितली जाते, त्या वर्गात तिच्यातील प्रत्येक पात्राच्या जागी स्वतःला पाहणारी मुले बसलेली असतात. ज्या घरातून शाळेत येणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घरातील मुलाला 'आनंदाने अर्पण केला' एवढेच ऐकविणे म्हणजे त्याने काय द्यावे हे सुचविणे होय. उलट त्याला केवळ 'घेतला गेला' असे ऐकविले, तर एकलव्याच्या हातून त्याची एकमेव कृतीही काढून घेतली जाते. अंगठा गेल्यावर तो बोटांनी बाण सोडीत राहिला, हे वाक्य मग कोणीच सांगत नाही. आणि ज्या मुलाला आपण अर्जुनाच्या जागी आहोत याची कल्पनाही नाही, त्याला ती कधीच येत नाही.

ग्रंथाने ही सर्व वाक्ये जपून ठेवली आहेत. पाठ्यपुस्तक सिद्ध करणाराने आणि अध्यापकाने ती मुलांपर्यंत पोहोचू द्यावीत. कर्ता कोण, हे विचारण्याची सवय ज्याला कथेत लागली, तो पुढे वृत्तपत्रातील 'कारवाई करण्यात आली' या वाक्यापाशीही थांबेल. पुराकथांच्या अध्यापनाकडून याहून अधिक व्यावहारिक फळाची अपेक्षा करण्याचे कारण नाही.