'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिण्याआधी : 'द कलर पर्पल' वाचताना

मागच्या वर्षी बीडमध्ये पेटची तयारी करणारे आम्ही आठजण एकत्र बसायचो. आठवडाभर रिसर्च मेथडॉलॉजीचे प्रश्न सोडवायचे आणि रविवारी सकाळी दोन तास एक कादंबरी वाचायची, असं ठरलं. कादंबरी निवडली ॲलिस वॉकर यांची 'द कलर पर्पल'. कारण साधं होतं. पुस्तक फार जाड नाही, आणि सगळं पत्रांत आहे. एका बैठकीत चार-पाच पत्रं सहज होतात.

मी रसायनशास्त्राची. साहित्यावर बोलायचा माझा अधिकार कुठल्याही वाचकाइतकाच. पण या पुस्तकानं मला डेटाबद्दल जे शिकवलं, ते कोर्सवर्कच्या तासांना शिकले नव्हते. म्हणून हा लेख.

आधी पुस्तकाबद्दल थोडं. 1982 साली प्रसिद्ध झालं, 1983 मध्ये पुलित्झर मिळालं. कादंबरीसाठी तो पुरस्कार मिळवणाऱ्या वॉकर या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्या स्वतः अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, वाट्यानं शेती करणाऱ्या घरात जन्मल्या, आणि कादंबरीही त्याच भागातल्या खेड्यात घडते. काळ विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांचा. सेली नावाची चौदा वर्षांची मुलगी देवाला पत्रं लिहिते. ज्याला ती बाप समजते, तोच तिच्यावर अत्याचार करतो आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून दम देतो. सांगायला देवाशिवाय कोण उरतं? पुढं तिला अल्बर्ट नावाच्या विधुराशी लग्न लावून देतात. ती त्याला नावानं हाकही मारत नाही. धाकटी बहीण नेटी दुरावते, मिशनरी जोडप्याबरोबर आफ्रिकेला जाते.

आता पहिलीच गोष्ट बघा. पहिल्या पत्रात सेली स्वतःबद्दल एक वाक्य सुरू करते, 'मी अशी आहे' या अर्थाचं. मग ते शब्द खोडते आणि 'आजवर अशी होते' या अर्थाचं लिहिते. छापील पुस्तकात ती खोडाखोड तशीच ठेवली आहे. लॅबमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात : वहीत चूक झाली तर व्हाइटनर लावायचा नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. कारण खोडलेला आकडा हीसुद्धा नोंद असते. सेलीवर काय गुदरलंय हे पुढच्या ओळींत कळतंच. पण ती स्वतःला आता कोण समजते, हे त्या खोडलेल्या शब्दांतच कळतं. स्वच्छ प्रत काढली असती तर ते गेलं असतं.

दुसरी गोष्ट भाषेची. सेली बोलते तसं लिहिते. शुद्धलेखन नाही, पुस्तकी व्याकरण नाही. आमच्यातले इंग्रजीत एम.ए. झालेले दोघं पहिल्या रविवारी अडखळले. मग बी.एस्सी.च्या एका मुलीनं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि सगळं सुटलं. ते कानासाठीच लिहिलेलं होतं. तिनं पुढं एक पत्र आपल्या बोलीत सांगून दाखवलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "ताई, हे तर आमच्या गल्लीतलं झालं की."

उलट नेटीची पत्रं शुद्ध, शिकलेल्या भाषेत आहेत. माझ्या मते पुस्तकाचा तोच भाग कच्चा आहे. आफ्रिकेतल्या ओलिंका लोकांबद्दल ती सांगते ते महत्त्वाचं आहे. रबराच्या मळ्यांसाठी त्यांची जमीन जाते, गाव उठतं. पण वाचताना अहवाल वाचल्यासारखं वाटतं. सेली दोन ओळींत माणूस उभा करते, नेटीला तीन पानं लागतात. आपण थिसिस लिहितो तेव्हा बहुतेकजण नेटी होतो, हे मी स्वतःकडं बघूनच म्हणते.

आता मुख्य मुद्दा. नेटीनं वचन दिलेलं असतं की पत्र लिहीन. वर्षानुवर्षं एकही पत्र येत नाही. सेली समजते, बहीण मेली असेल. आम्हीही तसंच समजत होतो. निम्मं पुस्तक होत आल्यावर कळतं की नेटी लिहीतच होती. टपालाच्या पेटीला हात लावायचा हक्क घरात फक्त अल्बर्टला, आणि तो प्रत्येक पत्र ट्रंकेत कुलूपबंद करत होता. नेटीनं त्याला एकदा नकार दिलेला असतो, त्याची ही शिक्षा. शेवटी गायिका शग एव्हरीच्या मदतीनं सेलीला ती सापडतात. दोघी पाकिटं जागच्या जागी ठेवतात आणि आतली पत्रं तेवढी काढून घेतात.

म्हणजे 'पत्र आलं नाही' ही सेलीची नोंद चूक नव्हती, तिच्यापर्यंत खरंच काही आलं नव्हतं. चूक होती ती 'म्हणजे नेटी नाही' या निष्कर्षात.

त्या रविवारी त्याच बी.एस्सी.च्या मुलीनं घरची गोष्ट सांगितली. तिचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आसपास गाव सोडायचं, उन्हाळा लागताना परत. ती आजीकडं राहायची. टोळीत तेव्हा फोन एकट्या मुकादमाकडं. "आईचा निरोप मुकादमाच्या फोनवरूनच यायचा. सहा महिन्यांत एकदाही आई म्हणाली नाही की त्रास हाय. मला वाटायचं, बरं चाललंय." उचल ज्याच्याकडून घेतली, त्याच्याच फोनवर, त्याच्यासमोर उभं राहून आई काय बोलणार?

सेलीच्या घरची टपालपेटी आणि हा फोन, दोन्ही एकाच जातीची वस्तू. डेटा ज्या वाटेनं येतो, त्या वाटेवर कोण बसलंय, हे पाहिल्याशिवाय 'तक्रार आढळली नाही' असं लिहू नये.

आपल्याच जिल्ह्याचं दुसरं उदाहरण घ्या. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल गावागावांत कुजबुज होती. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली, बीड जिल्ह्यात सर्वेक्षण झालं. सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्याआधी हा आकडा का नव्हता? इथं कुणी ट्रंकेला कुलूप लावलं होतं असंही म्हणायची गरज नाही. एवढ्या पातळीवर कुणी विचारलंच नव्हतं.

आणि तिसरा प्रकार, तो मला सगळ्यात अवघड वाटतो. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपात आलं. त्या फलटणच्या. त्यांनी आपलं लिखाण अनेक वर्षं नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. अल्बर्टनं दुसरीचं लिखाण दाबायला लपवलं, बेबीताईंनी आपलं जगवायला. पुस्तकात त्यांनी वस्तीतल्या बायकांना होणाऱ्या मारहाणीबद्दल रोखठोक लिहिलंय. स्वतःच्या संसारात तेच सोसलं, हे मात्र पुस्तकात नाही, नंतर मुलाखतीत सांगितलं. त्यांना समाजाची गोष्ट सांगायची होती. म्हणजे इथली गाळलेली जागा लेखिकेनं स्वतः विचारपूर्वक ठेवली आहे. तिला 'अपुरा डेटा' म्हणणं हा त्यांचा अपमान होईल.

'कलर पर्पल'वरही याच बाजूनं टीका झाली. विशेषतः 1985 मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गचा सिनेमा आल्यावर अनेक कृष्णवर्णीय वाचक-प्रेक्षकांनी विचारलं की आमचे पुरुष एवढे क्रूर दाखवून गोऱ्यांच्या हातात कोलीत का देता? आमच्यातही यावर जोरात वाद झाला. माझं मत असं की पुस्तक या आरोपातून बऱ्यापैकी सुटतं, कारण सेली स्वतःलाही सोडत नाही. हार्पो विचारतो, बायको ऐकत नाही, काय करू? सेलीच सांगते, मार तिला. ती सोफिया पुढं जाब विचारायला येते, सेली शरमते, आणि दोघी फाटक्या पडद्यांची गोधडी शिवायला बसतात. स्वतःविरुद्ध जाणारी नोंद जो ठेवतो, त्याच्या बाकीच्या नोंदींवर माझा विश्वास बसतो.

शेवटाबद्दल मात्र मी समाधानी नाही. सेलीला वारशानं घर मिळतं, शिवलेल्या पँटांचा धंदा चालतो, अल्बर्ट सुधारतो आणि तिच्याशेजारी बसून शिवण घेतो, हरवलेले सगळे परत येतात. आलेख इतका सरळ आला की आमच्या लॅबमध्ये पुन्हा प्रयोग करायला सांगतात. पण आमच्या गटातली ती मुलगी म्हणाली, "ताई, एवढं सोसल्यावर एक तरी जण सुखी झाली, तर तुमचं काय जातंय?" याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

मित्रांनो, सिनॉप्सिस लिहिताना एक वाक्य आपण सगळेच टाकतो : 'या विषयावर पुरेशी माहिती उपलब्ध नाही.' पुढच्या वेळी तिथं थांबा आणि तीन प्रश्न विचारा. ही माहिती कुणी ट्रंकेत ठेवली आहे का? कुणी कधी विचारलीच नाही का? की जिची आहे, तिनंच ती सांगायची नाही असं ठरवलंय? पहिल्याला कुलूप शोधावं लागतं, दुसऱ्याला सर्वेक्षण करावं लागतं, तिसऱ्यापुढं वही मिटून बसावं लागतं. तिन्हींची पद्धत वेगळी, आणि मेथडॉलॉजीच्या प्रकरणात तसं वेगवेगळं लिहावंही लागतं.

त्या मुलीनं पेट दिली. विषय निवडलाय हंगामी स्थलांतराचा. तिच्या आराखड्यात मुलाखतींचे महिने आहेत मे आणि जून. डिसेंबरात गावात गेलं तर सांगणाऱ्या बाया फडात असतात, हे तिला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मुलाखती कुठं घ्यायच्या, तेही तिनं लिहिलंय : बाईच्या घरी, मुकादम गावात नसताना.