एफसीचा प्रोजेक्ट आणि 944 मिलिमीटर

पीएचडी करायची ठरली की आपण ‘पेट’ची पुस्तकं आणतो, रिसर्च मेथडॉलॉजीच्या नोट्स जमवतो. पण संशोधन शिकायची पहिली संधी एफवायलाच येऊन गेलेली असते. माझी कशी गेली ते आधी सांगते, म्हणजे पुढची टीका कशावर आहे ते तुम्हाला कळेल.

आम्हाला एफवायबीएस्सीला फाउंडेशन कोर्स होता, म्हणजे सगळ्यांचा लाडका एफसी. भारतीय समाजातली विविधता आणि विषमता, राज्यघटना, जागतिकीकरण, मानवी हक्क, पर्यावरण, ताणतणाव असं बरंच काही त्यात होतं. आम्ही त्याला टाइमपास विषय म्हणायचो. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचलं की झालं! आज तो अभ्यासक्रम पुन्हा पाहिला तर त्यातला एकही विषय मला फालतू वाटत नाही. चुकतं ते पुढे, मार्क कशाला द्यायचे हे ठरवताना.

मी राहते हिंदमाताला. बशीसारखा खोलगट भाग, जोराचा पाऊस झाला की चौकात पाणी. एफसीच्या प्रोजेक्टला मी ‘मुंबईतील पूर’ हा विषय घेतला. इंटरनेटवरून वीस पानं उतरवली, 26 जुलै 2005 चा 944 मिलिमीटर हा आकडा लाल शाईने लिहिला, पुठ्ठ्याचं कव्हर लावलं. जवळजवळ पूर्ण मार्क मिळाले. जमा करायच्या दिवशी मी घोटाभर पाण्यातून चालत कॉलेजला गेले होते, आणि त्या पाण्याबद्दल प्रोजेक्टमध्ये एक ओळही नव्हती.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाइडनी माझ्या एका आलेखावर बोट ठेवून विचारलं, “हा आकडा कुठे मोजलाय?” मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मला तो जुना प्रोजेक्ट आठवला. 944 मिलिमीटर ही सांताक्रूझ केंद्रावरची 24 तासांची नोंद आहे. त्याच काळात कुलाब्याला सुमारे 74 मिलिमीटर पडला होता. हिंदमाता या दोन्हींच्या मध्ये. मग माझ्या गल्लीत त्या दिवशी किती पडला? ‘मुंबईचा पाऊस’ म्हणजे नेमका कुठला? हे प्रश्न अठराव्या वर्षी पडायला हवे होते. ते मला कुणी विचारले नाहीत, आणि मीही विचारले नाहीत.

तुम्ही म्हणाल, एफसी आता जुना झाला. खरंय. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरणाची रचना आली. आता ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतून घ्यावं लागतं, त्यामुळे सायन्सची मुलं कॉमर्सचे विषयही घेतात. एनसीसी क्रेडिटसह ऐच्छिक विषय म्हणून देता येईल, असं यूजीसीनं 2021 मध्ये विद्यापीठांना कळवलं होतं. कल्पना चांगलीच आहे. पण नावं बदलली तरी वीस पानं उतरवून मार्क मिळणार असतील, तर मुलं वीस पानंच उतरवणार.

व्यवसायाचा प्राथमिक कोर्स घ्या. फेयोलची व्यवस्थापनाची 14 तत्त्वं पाठ होतात. हिंदमाताच्या एखाद्या कापड दुकानदाराला मात्र कुणी विचारत नाही, की पावसाळ्यात माल कुठल्या फळीवर ठेवता, दुकान एक दिवस बंद राहिलं तर भाडं आणि पगार कशातून काढता? स्थिर खर्च म्हणजे काय, हे त्या उत्तरातून जन्मात विसरणार नाही.

एनसीसीत नेतृत्वाचे धडे असतात आणि नकाशावाचनही असतं. नेतृत्वाचे गुण लिहून मार्क मिळवणं सोपं. पण समोच्च रेषा वाचून पाणी कुठून येऊन चौकात साचतं हे दाखवायचं, आणि चार जणांना कामं वाटून ते पडताळायचं, हे जमलं तर नेतृत्व आपोआप दिसेल.

आता गंमत बघा. दोन क्रेडिटचा थिअरी कोर्स म्हणजे 30 तास. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा कोर्स सक्तीचा आहे, तोही दोन क्रेडिटचा, 30 तासांचाच. म्हणजे एफवायला उतरवण्याबद्दल शाबासकी मिळते, आणि सात-आठ वर्षांनी तीस तास बसवून सांगतात की ती वाङ्मयचौर्य होती. मधल्या वर्षांत सवय पक्की झालेली असते, त्याचं काय?

प्राध्यापकांची बाजूही आहे. शंभर-सव्वाशे मुलांचा वर्ग, शिकवणारे अनेकदा तासिका तत्त्वावर, तपासायला वेळ नाही. मान्य. पण वीस पानांऐवजी दोन पानं मागितली तर तपासणं कमीच होईल. एक प्रश्न, स्वतः केलेली एक नोंद, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुणी, कुठे, कधी मोजला. बस्स.

तुमचं कॉलेज हे मागणार नसेल तर तुम्हीच करा. तुमचा एफवायचा कुठलाही प्रोजेक्ट काढा, त्यातल्या एका आकड्याचा माग काढा. एक संध्याकाळ पुरते. तो आकडा कुठून आला हे सापडलं नाही, तर निराश होऊ नका. का सापडत नाही ते लिहून ठेवा. मुलाखतीत “संशोधनाचा अनुभव काय?” असं विचारतात ना, तेव्हा हे सांगता येईल.

मी माझा प्रोजेक्ट पुन्हा लिहायला घेतलाय. महापालिकेनं दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात पाणी साठवायच्या भूमिगत टाक्या बांधल्यात, त्यांनी आमच्या चौकातलं पाणी किती कमी झालं ते बघायचंय. या पावसाळ्यात रोजची नोंद ठेवणार आहे. मार्क नाहीत, तरी.