संगणकाची सुलभता आणि मराठी अक्षर

संगणकाच्या कार्यप्रणाली आवृत्तीगणिक सुलभ होत आल्या आहेत, असे विधान वारंवार करण्यात येते. पुराव्यादाखल १९८४ चा मॅकिंटॉश, १९९० चे विंडोज ३.० आणि विंडोज ९५ मधील ‘स्टार्ट’चे बटण यांचा उल्लेख होतो. आज्ञा पाठ करण्यापेक्षा चित्रावर टिचकी मारणे सोपे, हे कोणीही मान्य करील. परंतु मराठीत लिहिणाऱ्याला या सुलभतेचा लाभ बेताचाच होता. कारण त्या देखण्या पडद्यास १९९५ मध्येही मराठी अक्षर अक्षर म्हणून ठाऊक नव्हते.

‘खडकवासला’ हा शब्द घ्यावा. यात एकही जोडाक्षर नाही. तरीही टंकलेखनयंत्राची घडण उचललेल्या कित्येक फॉन्टांत ‘ख’ म्हणजे अर्धा ख आणि त्याला जोडलेला काना. यंत्राच्या लेखी तर तो सबंध शब्द म्हणजे इंग्रजी वर्ण आणि चिन्हे यांची निरर्थक माळ; फॉन्ट हा तिच्यावर चढविलेला मराठी मुखवटा होय. त्याच गावच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राच्या नावातील ‘विद्युत’ लिहावयाचा, तर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘व’ मागाहून उमटवावा लागे. लिपीचे ज्ञान होते ते टंकलेखकाच्या बोटांत.

ते यंत्रात उतरविण्याचा उद्योग आपल्याकडे पूर्वीच सुरू झाला होता. कानपूरच्या आय.आय.टी.त जन्मलेले ‘जिस्ट’ तंत्र, १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे वाढविले. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवावेत आणि आकार यंत्राने जुळवावेत, हे त्यामागील तत्त्व. युनिकोडनेही देवनागरीसाठी तेच स्वीकारले. विंडोजच्या अंगी मात्र ते विंडोज २००० पासून आले. २००१ च्या एक्सपीतही त्यासाठी मूळ सीडी घालून निराळी सोय बसवावी लागे. ती आपोआप मिळू लागली २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून. चित्रे आणि बटणे यांच्या इतिहासात या घटनेस क्वचितच स्थान मिळते, हे त्या इतिहासाचे मोठे वैगुण्य आहे.

या सुलभतेची दुसरी बाजू आपल्यासारख्या संशोधकांना अधिक जाचक आहे. जुन्या फॉन्टांत लिहिलेले प्रबंध व अहवाल आज उघडले, आणि तो फॉन्ट संगणकावर नसला, तर पडद्यावर ती निरर्थक माळच उघडी पडते. फॉन्ट असला तरी ‘खडकवासला’ हा शब्द युनिकोडमध्ये लिहून शोधल्यास सापडत नाही. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, पण प्रत्येक फॉन्टकुळाची सांकेतिक मांडणी वेगळी असल्यामुळे प्रत्येकासाठी स्वतंत्र कोष्टक लागते. जोडाक्षरे व रफार येथे तर रूपांतर हमखास अडखळते, आणि मजकूर ओळ न् ओळ तपासावा लागतो. जेथे कोष्टकच हाती नसे, तेथे छापील प्रत समोर ठेवून सर्व मजकूर नव्याने लिहिण्यावाचून पूर्वी गत्यंतर राहत नसे.