मंडळीचे उघडे दार : एक कॅथलिक वाचन

"फादर, त्यांच्यात आणि आपल्यात नेमका फरक तो काय?" आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारतात, आणि तो बहुधा लग्न जुळविण्याच्या वेळी निघतो. मुलगी आपली, मुलगा छावणीकडच्या प्रॉटेस्टंट मंडळीचा; दोन्ही घरी बायबल, दोन्ही घरी नाताळ, दोन्हीकडे टिळकांची गीते मुखोद्गत. अशा वेळी आम्ही धर्मगुरू घाईने उत्तर देऊन मोकळे होतो : ते पवित्र मरियेची विनवणी करीत नाहीत, पोपमहोदयांना मानीत नाहीत, आणि त्यांचे पाळक लग्न करतात. हे उत्तर खोटे नाही. पण शेजाऱ्याच्या घरात काय नाही एवढेच सांगून त्याच्या घराची ओळख होत नाही. म्हणून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही मंडळी ज्या दस्तऐवजाच्या पायावर उभी राहिली, ती १९६५ सालची एकीकरणाची योजना आम्ही समीक्षकाच्या नजरेने वाचावयास घेतली. या मंडळीची मूलभूत श्रद्धा कोणती आणि परपंथातून येणाऱ्याचे स्वागत ती कोणत्या आधारावर करते, हे दोन प्रश्न आम्ही त्या वाचनापुढे ठेवले.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी महाराष्ट्रातील प्रदेश आपसांत वाटून घेतले होते. औरंगाबाद शहरात अँग्लिकन परंपरेचे चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य होते. जन्माने पारशी असलेले रेव्हरंड रतनजी नौरोजी यांनी येथे दीर्घकाळ सेवा केली. शेजारी जालन्याला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन कार्य. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी तेथे बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. पलीकडे अहमदनगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरा. अशा रीतीने गोदावरीच्या आसपासचा एखादा शेतमजूर अँग्लिकन होणार की प्रेस्बिटेरियन, हे त्याच्या मनाने ठरत नसे. तो कोणत्या तालुक्यात जन्मला यावर ते ठरत असे. बिशप असावेत की नसावेत, या इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या वादाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

पुढे दुष्काळ, रेल्वे, गिरण्या आणि नोकऱ्या यांनी माणसे हलली. जालन्याचा मनुष्य औरंगाबादला आला, नगरचा पुण्याला गेला. नव्या गावी तीच भाषा, तीच गीते, तोच प्रभू. मंडळीचे नाव मात्र निराळे. अशा वेळी त्याला परका म्हणावे की आपला? आमच्या मते या मंडळीच्या स्वागतशीलतेचे मूळ येथे आहे. स्थलांतर करणाऱ्या साध्या भाविकांच्या अडचणीतून ती जन्मली. ग्रंथातील सिद्धांताने तिला पुढे शब्द दिले. वाचकहो, या गोष्टीचा आदर केला पाहिजे.

प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या नावाने एकत्र आल्या. अधिक व्यापक ऐक्याची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली आणि ती चाळीस वर्षांहून अधिक काळ चालली. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एक झाल्या : अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, चर्च ऑफ द ब्रेदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी मागे सरले आणि आजही ते स्वतंत्र आहेत. त्या दिवशी सर्व परंपरांचे सेवक परस्परांवर हस्तारोपण करून एका सेवाकार्यात सामील झाले. दक्षिण भारतात १९४७ साली झालेल्या एकीकरणात असा विधी नव्हता. आम्हां कॅथलिकांना, विशेषतः गुरुदीक्षेचे गांभीर्य जाणणाऱ्यांना, या फरकाचे महत्त्व सहज कळावे.

आता श्रद्धेकडे वळू. योजनेतील पाया चार दगडांचा आहे. पवित्र शास्त्र हे तारणासाठी आवश्यक ते सर्व सांगणारे आणि श्रद्धेचे अंतिम प्रमाण आहे. प्रेषितांचा आणि नायसियाचा हे दोन विश्वासांगीकार त्या श्रद्धेची साक्ष देतात आणि तिचे रक्षण करतात. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे प्रभूने स्थापिलेले दोन संस्कार आहेत. आणि सेवाकार्यात बिशपपदाची ऐतिहासिक परंपरा स्वीकारलेली आहे. त्रैक्य, शब्दाचे देहधारण, क्रूसावरील मरण, पुनरुत्थान यांविषयी त्यात असे काही नाही की ज्याला आमच्या लोकांनी दचकावे. नायसियाच्या परिषदेला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली. तिच्या नावाने ओळखला जाणारा विश्वासांगीकार रविवारी त्यांच्या ओठांवर असतो, तसा आमच्याही.

तथापि समीक्षकाने स्तुतीवर थांबू नये. या योजनेची शैलीच अशी आहे की, जेथे दोन मते भिडतात तेथे ती दोघांनाही जागा देऊन पुढे जाते. बिशपपद स्वीकारले, पण त्या पदाचा कोणताही एकच ईशशास्त्रीय अर्थ मंडळीवर बंधनकारक नाही. बिशप आहेत, ते का आहेत, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या परंपरेनुसार द्यावे! बाप्तिस्म्याचेही तसेच. एका कुटुंबाने तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करवून घ्यावा, मोठेपणी त्याने दृढीकरणात आपली श्रद्धा प्रकट करावी. शेजारच्या कुटुंबाने बाळाचे केवळ समर्पण करावे आणि त्याने जाणत्या वयात बाप्तिस्मा घ्यावा. दोन्ही रीती मान्य. पाव शतकाहून अधिक काळ धर्मशिक्षण देणाऱ्या आमच्यासारख्याला येथे प्रश्न पडतो : एकाच बाकावर बसलेल्या त्या दोन मुलांना बाप्तिस्म्याचा अर्थ शिकविणाऱ्या बाईंनी काय सांगावे? तो देवाची आधी आलेली कृपा आहे, की माणसाने नंतर दिलेला होकार? तो दोन्ही आहे, असे आम्हीही म्हणतो. पण आधी काय आणि नंतर काय, याचा निर्णय टाळला तर शिकवण पातळ होते.

परंतु हेही सांगितले पाहिजे की, हा निर्णय टाळणे हा आळस नव्हता. बाप्टिस्ट आणि अँग्लिकन ही भावंडे या एका प्रश्नावर जगभर वेगळ्या घरांत राहतात. आमच्या देशात त्यांनी एका छपराखाली राहून मतभेद सोसण्याचे ठरविले. मत जुळेपर्यंत चूल वेगळी, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

अशा मंडळीत परपंथाचा मनुष्य आला तर काय होते? सर्वसाधारणपणे, त्रैक्याच्या नावाने पाण्याने बाप्तिस्मा झालेल्या माणसाला ख्रिस्ती मानूनच आत घेतले जाते. आणि ज्या मंडळ्यांशी सहभागितेचे नाते आहे त्यांच्या सदस्याला पाहुणा म्हणूनही प्रभुभोजनाची मोकळीक असते. याउलट, आज शहरात जागोजागी भरणाऱ्या कित्येक स्वतंत्र प्रार्थनासभा पाहा. तेथे स्वागत फार उबदार असते. पण बालपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे म्हणून पुन्हा पाण्यात उतरण्याचा आग्रह काही दिवसांतच सुरू होतो. आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी केलेले सारे एका दिवसात पुसले जाते. या दोन स्वागतांतील फरक आमच्या कुटुंबांनी नीट ओळखावा. पहिले स्वागत आपल्या मागच्या वाटचालीला मान देते. दुसरे ती नाकारून सुरू होते.

मग प्रश्न येतो पंगतीचा. "ते आपल्याला प्रभुभोजनाला बोलावतात, आपण त्यांना ख्रिस्तशरीर का देत नाही?" लग्नाच्या मिस्सेत वराची आई जागेवरच बसून राहते आणि वधूची आई वेदीकडे जाते, हे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी आमचा हात जड झाला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसृत केलेल्या ऐक्यविषयक आदेशात दोन तत्त्वे शेजारी ठेवली आहेत : संस्कार हा झालेल्या ऐक्याची खूण आहे, आणि तो कृपेचे साधनही आहे. खूण म्हणून पाहिले तर ऐक्य नसताना वाटून घेणे बहुतेक वेळा उचित नव्हे. साधन म्हणून पाहिले तर कधीकधी ते इष्ट ठरते. प्रॉटेस्टंट बांधव दुसऱ्या तत्त्वावर भर देतात, आम्ही पहिल्यावर. मरणाचा धोका किंवा तसाच गंभीर प्रसंग असताना, काही अटींवर, त्यांनाही हा संस्कार देण्याची वाट आमच्या १९८३ च्या धर्मविधीसंहितेतील ८४४ व्या कलमाने ठेवलेली आहे. पण ती अपवादाची वाट आहे, आणि ती तशीच सांगितली पाहिजे. जेथे भाकर ही खरोखर प्रभूचे शरीर आहे अशी आमची श्रद्धा आहे, तेथे केवळ आदरातिथ्याच्या भावनेने निर्णय करता येत नाही. ऐक्य झाले नसताना झाले असे दाखविणे ही आमच्या दृष्टीने त्या ऐक्याचीच उपेक्षा होईल.

भाषेचा एक मुद्दा येथे नोंदवावासा वाटतो. चर्च या एकाच शब्दासाठी ते 'मंडळी' म्हणतात, आम्ही 'ख्रिस्तसभा'. मंडळी म्हटले की जमलेली माणसे डोळ्यांपुढे येतात : घरची मंडळी, गावची मंडळी. नवागताला सामावून घेण्याची सोय त्या शब्दातच आहे. ख्रिस्तसभा म्हटले की सभा कोणाची, याचे उत्तर आधी येते, आणि मग माणसे. आम्हांला आमचा शब्द सोडावयाचा नाही. पण आमच्या सभेत मंडळीपण किती उरले आहे, हे स्वतःला विचारावयास हवे.

कारण एक कबुली दिल्याशिवाय ही समीक्षा प्रामाणिक ठरणार नाही. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना, बदली होऊन आलेले एक जोडपे मिस्सेनंतर आम्हांला भेटले. पत्नी कॅथलिक, पती प्रॉटेस्टंट. त्यांनी नमस्कार केला, आणि आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "दाखला आणला आहे का?" दोन रविवार ते आले, तिसऱ्या रविवारी आले नाहीत. पुढे कळले की, दोघेही पतीच्या मंडळीत जाऊ लागले, कारण तेथे कोणीतरी त्यांना आधी चहा विचारला होता. सिद्धांताच्या वादात आम्ही हरलो नव्हतो. वाद झालाच नव्हता.

आमच्या ख्रिस्तसभेचे नियम याहून पुष्कळ उदार आहेत, हे आमच्याच लोकांना ठाऊक नसते. अन्य मंडळीत विधिपूर्वक बाप्तिस्मा झालेला मनुष्य पूर्ण सहभागितेत येऊ इच्छितो तेव्हा त्याचा पुन्हा बाप्तिस्मा करावयाचा नाही. १९७२ च्या स्वीकारविधीनुसार पूर्वश्रद्धेचा धिक्कार वदवून घ्यावयाचा नाही. आवश्यक तेवढ्यापलीकडे कोणतेही ओझे त्याच्यावर लादावयाचे नाही. मिश्रविवाहातही १९७० पासून बिगर-कॅथलिक जोडीदाराकडून वचन घेतले जात नाही. कॅथलिक व्यक्तीने दिलेल्या वचनाची त्याला जाणीव करून दिली जाते, एवढेच. नियम मोठे आणि वागणूक कोती, अशी आमची अवस्था आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाबाबत आम्हांला उलटे दिसते : वागणूक मोठी, पण काही ठिकाणी शिकवण अनिर्णित.

तेव्हा त्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. फरक आहे, आणि तो वरवरचा नाही : ख्रिस्तशरीर, गुरुदीक्षा, पेत्राच्या वारसाचा अधिकार आणि संतांची संगत यांविषयी आपण वेगळे मानतो, आणि ते लपवून कोणाचे लग्न सुखाचे होणार नाही. पण बाप्तिस्मा एकच आहे, आणि त्यामुळे समोरचा मनुष्य अपूर्ण का होईना, आपल्या सहभागितेतला आहे. दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला ऐक्याची प्रार्थना होते, तेव्हा आमच्या कुटुंबांनी शेजारच्या मंडळीतील एका घरी तरी जाऊन यावे, आणि त्यांना आपल्या घरी बोलवावे. वेदीवरची पंगत एक होण्याचा दिवस प्रभूच्या हाती आहे. घरातली पंगत मात्र आपल्याच हाती आहे, आणि तिला कोणत्याही कलमाची आडकाठी नाही.