ठासणीचा अवकाश : आफ्रिकी शिकारकथन आणि त्याचे मराठी वाचन

१८३८ मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमधून एक इंग्रजी प्रवासवृत्त प्रसिद्ध झाले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात हा छापखाना देवनागरी खिळ्यांच्या सुधारणेसाठी आणि मिशनच्या मराठी ग्रंथांसाठी परिचित आहे. याच मिशनने पुढे १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केले. प्रस्तुत प्रवासवृत्ताचा विषय मात्र धर्म वा शिक्षण नव्हता. मुंबई इलाख्याच्या लष्करातील इंजिनिअर विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस याने १८३६-३७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात केलेल्या शिकारमोहिमेचे ते निवेदन होते. पुढच्याच वर्षी ते लंडनहून नव्या नावाने निघाले आणि आफ्रिकी शिकारसाहित्याच्या परंपरेतील आद्य ग्रंथांपैकी एक म्हणून मान्यता पावले. या परंपरेची पहिली आवृत्ती मुंबईत छापली गेली आणि तिचा कर्ता १८४८ मध्ये पुण्याजवळ मरण पावला, या दोन गोष्टी मराठी वाङ्मयेतिहासाच्या परिघात सहसा येत नाहीत. त्या आणल्या तर काय हाती लागते, हा या विवेचनाचा प्रश्न आहे.

तौलनिक अभ्यासात 'प्रभाव' आणि 'साम्य' या संकल्पना नेहमी वापरल्या जातात. येथे त्यांपैकी कोणतीही पुरेशी नाही. हॅरिसचा मराठी लेखकांवर प्रभाव पडला, असा दावा करण्यास आधार नाही. जे आहे ते एका साधनाचे समान अस्तित्व : तोंडाकडून भरायची, गजाने ठासायची बंदूक. हे साधन आफ्रिकेच्या माळावर होते, कुमाऊँच्या तराईत होते आणि कोकणातील शेताच्या माळ्यावरही होते. साधन एक असले तरी त्याच्याभोवती घडलेली कथने एक नाहीत. त्यांतील भेद साधनाच्या एका विशिष्ट गुणधर्माला, म्हणजे विलंबाला, दिलेल्या अर्थांतून स्पष्ट होतो.

हा विलंब दुहेरी आहे. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर घोड्याच्या जबड्यातील गार पोलादी पत्र्यावर घासते, ठिणगी रंजकावर पडते, रंजकाची आग कानातून आत शिरते आणि मग बार उडतो. चाप आणि बार यांत क्षणभराचे अंतर राहते. त्या क्षणात जनावर मान फिरवू शकते. रंजक भिजले असेल तर बार उडतच नाही. दुसरा विलंब त्याहून मोठा. बार उडाल्यावर दारू मोजून ओतणे, गोळी तोंडात बसवणे, गजाने ठासणे, रंजक घालणे ही सारी क्रिया पुन्हा करावी लागते. जखमी हत्ती वा रेडा समोर असताना हा अवकाश जीवघेणा ठरू शकतो. अलेक्झांडर फोर्साइथने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले; त्यातून पुढे टोपीची बंदूक आली आणि पहिला विलंब बहुतांशी संपला. दुसरा मात्र काडतुसाची, मागून भरायची बंदूक रूढ होईपर्यंत कायम होता. हॅरिसचा प्रवास या संक्रमणकाळातला. त्याच्या वाटेच्या आसपास वावरणाऱ्या बोअर शेतकऱ्यांच्या हाती तेव्हाही जड नळीच्या चकमकीच्या बंदुका होत्या.

अलीकडच्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील काही हौशी शिकारी जुन्या धर्तीची चकमकीची बंदूक घेऊन दक्षिण आफ्रिकेत वा नामिबियात जातात. त्यामागे मांडली जाणारी भूमिका अशी की, दूर मारा करणाऱ्या आधुनिक रायफलीने जनावराला संधी उरत नाही. एकच बार असलेल्या बंदुकीने शिकाऱ्याला जवळ जावे लागते, थांबावे लागते, चुकल्यास हार मानावी लागते. साधनाची मर्यादा म्हणजेच शिकाऱ्याचा संयम, असे हे समीकरण आहे. वरवर पाहता ते पटण्याजोगे आहे. पण ज्या काळाचा वारसा ही भूमिका सांगते, त्या काळाचे ग्रंथ तिला दुजोरा देत नाहीत.

हॅरिसचे निवेदन वाचताना मारलेल्या जनावरांची विपुलता नजरेत भरते. १८५० मध्ये आलेल्या गॉर्डन-कमिंगच्या ग्रंथात तर ही विपुलता हाच कथनाचा कणा आहे. दोघेही तोंडाकडून भरायच्या बंदुका वापरत होते. मग विलंबाने त्यांना का रोखले नाही? याचे उत्तर त्या मोहिमांच्या रचनेत आहे. घोडे होते, बैलगाड्या होत्या, एकाहून अधिक बंदुका होत्या आणि मुख्य म्हणजे भरलेली बंदूक हाती देणारी माणसे होती. विलंब नाहीसा झाला नव्हता. तो दुसऱ्याच्या हातांवर सोपवला गेला होता. कथनात शिकारी लागोपाठ बार टाकतो, कारण ठासणारा माणूस वाक्याच्या बाहेर उभा असतो. हॅरिसबरोबर मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील विल्यम रिचर्डसन होता, तसाच मुंबईहून आलेला एक पारशी नोकरही होता. गाडीवान आणि वाटाडे स्थानिक होते. पुस्तकाचा नायक मात्र एकवचनी आहे.

फ्रेडरिक सिलूसच्या १८८१ च्या ग्रंथात हा वाक्याबाहेरचा माणूस एकदा अचानक वाक्यात येतो. सिलूस १८७१ मध्ये, विशीही न ओलांडलेला, आफ्रिकेत उतरला. हत्तीच्या शिकारीसाठी त्याने वापरलेल्या बंदुका स्वस्त, गुळगुळीत नळीच्या आणि पाव पौंड वजनाची गोळी फेकणाऱ्या होत्या. दारू कमरेच्या कातडी पिशवीतून मुठीने ओतली जाई. एका प्रसंगी पहिला बार न उडताच त्याच्यावर दुसरा ठासला गेला; चाप ओढताच बंदुकीने शिकाऱ्यालाच उताणे पाडले. या प्रसंगात बंदूक वाहणारा आफ्रिकी सोबती दोषाचा धनी म्हणून अवतरतो. यश मिळते तेव्हा अदृश्य असणारा हात चूक होताच दृश्य होतो, ही या साहित्यप्रकाराची एक अंगभूत पद्धत म्हणता येईल. पुढे या बंदुकांच्या धक्क्याने आपल्या नेमावर कायमचा परिणाम झाल्याचे सिलूसने खेदाने नोंदवले आहे. तो खेद प्रामाणिक आहे; पण तोही बंदूक उडवणाऱ्याच्या खांद्यापुरता आहे, ठासणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काही येत नाही.

याच साधनाचे दुसरे कथन जिम कॉर्बेटचे. 'जंगल लोअर' हे पुस्तक १९५३ मध्ये आले, तेव्हा कॉर्बेट भारत सोडून केनियातील न्येरी येथे राहत होता. म्हणजे हॅरिसच्या उलट दिशेने हा प्रवास आहे : आफ्रिकेत बसून हिंदुस्थानातील रानाची आठवण. बालपणी त्याला मिळालेली पहिली बंदूक दुनळी, ठासणीची होती. तिची उजवी नळी फुटलेली होती आणि बंदूक पितळी तारेने बांधलेली होती. कामाची नळी एकच. दारू आणि छर्रे तुटपुंजे, ठासणारा दुसरा कोणी नाही. येथे विलंब सोपवता येत नाही, म्हणून तो मुलाच्या शरीरात उतरतो. पावलांचे ठसे, पक्ष्यांचे इशारे, वाऱ्याची दिशा यांचे शिक्षण या थांबण्यातून होते. संयम आला तो बंदुकीच्या जातीमुळे नव्हे, अभावामुळे आणि एकाकीपणामुळे. हॅरिसच्या आणि या मुलाच्या बंदुकीत यांत्रिक अंतर फारसे नाही. अंतर आहे ते बंदुकीमागच्या हातांच्या संख्येत. साधनापासून नीती निघते, या समीकरणातील उणीव या दोन ग्रंथांना शेजारी ठेवल्यावरच पुरती कळते.

मराठी प्रदेशात ठासणीच्या बंदुकीचे तिसरे रूप दिसते. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर ती मुख्यतः राखणीची बंदूक आहे. रानडुकरांपासून भात वाचवण्यासाठी माळ्यावर बसून जागल करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बाराचा आवाज गोळीइतकाच उपयोगी असतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्याच वाक्यात गुळगुळीत नळीची बंदूक 'संरक्षण वा क्रीडा' यांसाठी सांगितली आहे. कायद्याच्या भाषेतही क्रीडा एका बंदुकीकडे आणि पीक दुसरीकडे गेले आहे. आफ्रिकी शिकारग्रंथात जी बंदूक साहसाची खूण आहे, ती येथे शेतीच्या अवजारांत मोडते. या जागलीचे लिखित कथन मात्र विरळ आहे. तिची स्मृती राहिली ती शब्दांत.

हे शब्द लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत. बंदुकीला घोडा आहे, कान आहे, तोंड आहे. मराठीने या यंत्राला सजीव देह दिला. 'बार भरणे' आणि 'फुसका बार' हे प्रयोग ज्यांनी कधी दारू पाहिली नाही, त्यांच्याही बोलण्यात आहेत. 'रंजक' हा शब्द आज केवळ मनोरंजक या अर्थाने कानावर येतो; कानाशी घालायची दारू हा त्याचा दुसरा अर्थ विस्मृतीत गेला आहे. हे भाषिक भांडार लढाईतून, राखणीतून आणि शिकारीतून आलेले आहे. ते कोणत्याही एका वर्गाचे नाही. आफ्रिकी शिकारग्रंथाचा मराठी अनुवाद करताना हे शब्द टाळून इंग्रजी संज्ञा तशाच ठेवल्या, तर वाचकापुढे परक्या साहसाचे दृश्य उभे राहते. 'रंजक भिजले', 'कान धरला' असे लिहिले, तर तेच दृश्य ठासणाऱ्या हाताच्या जवळून दिसते. अनुवादातील ही निवड केवळ शैलीची नाही. कथनात कोण दिसावे, याची ती निवड आहे.

शिकारीच्या नोंदी कोणी ठेवल्या, याला महाराष्ट्रात एक कठोर बाजू आहे. फासेपारध्यांच्या नावातच त्यांचे साधन आहे : फास. बंदूक नाही, दारू नाही, ठासणारा नाही. साहेबाच्या शिकारीचे ग्रंथ झाले, संग्रहालयातील नमुने झाले. फाशाने तितर धरणारा समाज मात्र गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आला. त्या कायद्यांची सुरुवात १८७१ ची. मुक्तता मिळाली १९५२ मध्ये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीची दारे सर्वांनाच बंद केली. परंतु त्यानंतरचे रूपांतर सर्वांना सारखे साधले नाही. ज्याच्या हाती लेखणी होती, तो शिकारी निसर्गलेखक होऊ शकला. ज्याच्या हाती केवळ फास होता, तो पुन्हा आरोपी ठरण्याचाच संभव अधिक होता.

या पार्श्वभूमीवर व्यंकटेश माडगूळकरांचे लेखन पाहिले पाहिजे. बंदूक घेऊन रान हिंडलेला, चित्रकाराची नजर असलेला हा लेखक 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष जवळजवळ निर्विकार अलिप्ततेने मांडतो. हॅरिसही चित्रकार होता. त्याने आफ्रिकी प्राण्यांची चित्रे १८४० मध्ये स्वतंत्र ग्रंथात छापली. त्यांत क्वागा हा प्राणी आहे. त्याचा शेवटचा जीव १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहात मेला. काळ्या रोनासारखे जे हरिण हॅरिसने पाश्चात्त्य प्राणिशास्त्राला प्रथम परिचित करून दिले, त्याचे चित्र आधी मारलेल्या देहावर अवलंबून होते. हॅरिसकडे पाहणे आणि मारणे एकाच क्रियेचे दोन टप्पे आहेत. माडगूळकरांच्या परिणत लेखनात पाहणे स्वतंत्र झाले आहे. ठासणीच्या बंदुकीने सक्तीने शिकवलेले थांबणे येथे बंदुकीवाचून उरले आहे, असे म्हणता येईल.

मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात आणखी एक पाऊल पडते. २०२५ मध्ये निधन पावलेल्या या वनाधिकारी लेखकाने रानाची भाषा ज्यांच्याकडून घेतली, त्या आदिवासी आणि पारधी जाणकारांना आपल्या लेखनात ठळक स्थान दिले. आफ्रिकी शिकारग्रंथातील ठासणारा हात येथे नाव आणि शब्द घेऊन समोर येतो. अर्थात तोही दुसऱ्याच्या लेखणीतून येतो, ही मर्यादा विसरता येत नाही.

तेव्हा 'जुन्या बंदुकीचा संयम' ही कल्पना वाङ्मयीन पुराव्यापुढे टिकत नाही. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, दक्षिण आफ्रिकेत ती परवान्याने चालते. या धोरणांवर जागतिक वाद होत राहील. साहित्याच्या अभ्यासकाने त्या वादात आणायची गोष्ट वेगळी आहे. एक बार आणि दुसरा बार यांच्यामध्ये जो अवकाश असतो, तो कोणाच्या हातांनी भरला, हे प्रत्येक शिकारकथनाला विचारावे लागेल. मुंबईत छापलेल्या हॅरिसच्या पुस्तकापासून ही विचारणा सुरू करण्यास मराठी अभ्यासकाला स्थळाचा आणि भाषेचा दुहेरी अधिकार आहे. गज, कान, रंजक हे शब्द त्याच्याकडे आहेत, आणि ते ठासणाऱ्याच्या बाजूचे आहेत.