कोडे, कोटी आणि सुपातल्या लाह्या

विनोद समजावून सांगावा लागला की तो मेला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. कोटीचे सविस्तर स्पष्टीकरण केल्यानंतर वर्गातील कोऱ्या मुद्रा ज्याने पाहिल्या आहेत, त्या शिक्षकास हे मत सहज पटेल. आम्हांस मात्र ते अपुरे वाटते. कोड्यापाशी किंवा विनोदापाशी आपण अडतो, तेव्हा अडविणारा नेहमी लेखकच असतो असे नाही. पुष्कळदा काळ अडवितो. कधी कधी गावही अडविते. हा भेद न केल्यामुळे आपल्या अध्यापनात आणि टीपालेखनात भलत्याच ठिकाणी श्रम होतात.

जुन्या काव्यशास्त्राने विचार केला तो मुख्यतः पहिल्या प्रकारच्या दुर्बोधतेचा. काव्येही शास्त्राप्रमाणे टीकेनेच कळावयाची असतील, तर तो सोहळा केवळ बुद्धिमंतांचा झाला, मंदमती बिचारे बुडाले, असे भामह म्हणतो. उलट भट्टी आपले काव्य टीकेनेच कळणारे आहे हे अभिमानाने सांगतो. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार मानले आणि तिचे उपयोगही नोंदविले: गोष्ठीतील क्रीडा, चारचौघांत गुप्त बोलणे आणि दुसऱ्यास बुचकळ्यात टाकणे. विश्वनाथाने ती रसास बाधक ठरवून तिचे अलंकारत्वच नाकारले. या चौघांचे मतभेद काहीही असोत, गाठ मारणारा कवी आहे आणि ती सोडविण्याची साधने श्रोत्यापाशी आहेत, हे सर्वांनीच गृहीत धरले आहे. मुक्ताबाईचे मुंगीचे कूट याच जातीचे. तेथे श्रोत्याने थबकावे हाच रचनेचा हेतू आहे.

परंतु श्रोत्यापाशी ती साधनेच उरली नाहीत तर? चांदण्यांना सुपातल्या लाह्या आणि चंद्राला रुपया कल्पिणारे कोडे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ज्या मुलाने घरात सूप पाहिले नाही आणि चांदीचा रुपया कधी हाती घेतला नाही, ते या कोड्यापाशी अडते. त्याची बुद्धी मंद आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोडे रचणाऱ्याने रोजच्या पाहण्यातील वस्तू पुढे करून त्यांच्याआड आभाळ लपविले होते. आज आभाळ तेवढे उघडे आहे आणि सूप लपले आहे.

हीच गोष्ट विनोदी वाङ्मयाची. राम गणेश गडकरी यांचा जन्म १८८५ साली नवसारीस, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानात झाला. ‘बाळकराम’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या लेखांत अतिशयोक्तीवर उभा असलेला भाग आजही टीपेवाचून हसवितो. हुंडा, पत्रिका, मुलगी पाहण्याचे सोपस्कार यांच्या तत्कालीन तपशिलावर उभा असलेला भाग मात्र विद्यार्थ्यास अडवितो. ‘हा विनोद जुना झाला’ असा निकाल मग तेथे चटकन दिला जातो. आमच्या मते जुनी झाली ती विनोदाखालची जमीन. विनोदाची चाल तशीच चपळ आहे.

गाव कसे अडविते, याचे उदाहरण आमच्या बडोद्यातच आहे. गुजरातीत ‘नवरी’ म्हणजे रिकामी, फुरसत असलेली. शेजारीण विचारते, ‘नवरी छे?’ आणि मराठी मुलगी लाजून उत्तरते, ‘अजून नाही, वैशाखात होईन.’ गायकवाडांच्या पाठोपाठ येथे आलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषांत नांदलेल्या घरांत हा विनोद सांगितला, तर कोणी अर्थ विचारणार नाही. पुण्यात तोच टीप मागेल. ‘उखाणा’ या शब्दाचेही तसेच. गुजराती शेजाऱ्याला उखाणे म्हणजे कोडे; आमच्या घरांत तो घाल म्हटले की सून पतीचे नाव घेते. कोडे हा अर्थ मराठीतही आहे, पण बोलण्यात मागे पडला आहे. म्हणजे एका गावी जी उघड गंमत, ती दुसऱ्या गावी कूट ठरते. आणि यात बुद्धीचा काहीच संबंध नाही.

यावरून आम्हांस एक साधा नियम सुचतो. लेखकाने मारलेली गाठ शिक्षकाने सोडू नये. काळाने किंवा गावाने घातलेली अवश्य सोडावी, आणि तीही विनोदाच्या आधी. आजची टीप बहुधा शेवटी येते आणि उत्तर सांगून मोकळी होते. तिने सूप दाखवावे, आभाळ दाखवू नये. आधी सांगितल्याने नवलाई जाईल, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु सूप आणि रुपया यांची ओळख आदल्या दिवशी सहज बोलण्यात करून दिली, तर दुसऱ्या दिवशी कोडे कोडेच राहते. टीप वाचून झाल्यावरही सोडवावयास काही उरले, तरच ती टीप योग्य समजावी.

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्यांस या नियमाची गरज अधिक आहे. येथील मुलास मराठी विनोद कळला नाही, म्हणजे त्याची भाषा कच्ची, असे आपण घाईने ठरवितो. त्या घाईने मूल भाषेपासून दुरावते. कविता न कळलेला पुन्हा वाचून पाहतो. पण चारचौघांच्या हसण्यात ज्याला सामील होता आले नाही, तो त्या बैठकीत पुन्हा येत नाही.